टोपलीतला माणूस

रॉकेटअंकलच्या खोलीत नवा कोणी आला, की त्याची नजर आधी छताला टांगलेल्या विमानाकडे जायची. अंकल मात्र विचारायचे, "टोपलीतला दिसला का?"

ओमानमधल्या सीबमध्ये आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. ते वसईचे, एसी मेकॅनिक. मी मालवणकडचा, त्यांचा सुपरवायझर. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते पहिल्या महायुद्धातली विमानं लाकडातून कोरत बसायचे. हे सर्वांत लाडकं. एकावर एक दोन पंख, मधल्या दांड्यांना बांधलेली रॉकेटं. "दिवाळीतलीच रे, जरा मोठी." रॉकेटांच्या काड्या म्हणजे माझ्या देव्हाऱ्यातल्या अगरबत्त्या. "जळलेल्याच घेतो. तुझा देव रागवायचा नाय."

विमानासमोर शत्रूचा भलामोठा फुगा, त्याखाली टोपली. टोपलीतला माणूस दुर्बिणीतून बघणार आणि तोफा कुठे डागायच्या ते खाली टेलिफोनवर सांगणार. रॉकेटं भरकटायची, म्हणून विमानाला अगदी जवळ यावं लागे. "म्हणजे ह्याला सगळं दिसतंय," अंकल म्हणायचे. "फोनवर ओरडेल. बाकी काय करणार? दोरीला बांधलेला."

"उडी मारायची ना, अंकल!" कोणीतरी म्हणायचं.

"पॅराशूटची छत्री होती, मारायचे. पण आपल्यासारखंच ते. उडी मारली की परत वर कोण घेतो?"

फुगा खाली ओढायला त्यांनी वसईच्या विहिरीवर असायचा तसा रहाट केला होता. तो फिरवणाऱ्या बाहुल्याला टक्कल. "हा तू. वेळेवर ओढ, बाबा." सगळे हसायचे. मीही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची बायको अंथरुणाला खिळली. त्यांनी रजा मागितली. भर गर्मीत एसीवाल्याची रजा, आणि माझा व्हिसा संपत आलेला. तो वाढवणं अर्बाबच्या, आमच्या ओमानी मालकाच्या हातात. त्याच्यासमोर जायची मला हिंमत झाली नाही. मी विचारलंच नाही. अंकलना सांगितलं, "अर्बाब नाही म्हणाला. गर्मी खलास होऊ दे."

"इन्शाल्ला," ते म्हणाले.

तिकडे मुलीने आईच्या पलंगासमोर व्हिडिओ कॉल लावून मोबाइल उभा करून ठेवला होता. अंकल जेवताना, इस्त्री करताना बायकोकडे बघत असायचे. एका दुपारच्या सुट्टीत तिचा श्वास अडकायला लागला. मुलगी औषध आणायला बाहेर गेली होती. "अरे, कोण आहे का तिकडे? बसवा तिला! उठवून बसवा!" अंकल मोबाइल दोन्ही हातांत धरून ओरडत होते. मी त्यांच्यामागे उभा होतो. मुलगी येईपर्यंत सगळं शांत झालं होतं.

अर्बाबने त्याच दिवशी तिकीट काढून दिलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "पहले बोलना था ना."

एअरपोर्टवर अंकलनी विमान नातवासाठी पिशवीत घेतलं होतं. "मी काय आता परत येत नाय. फुगा तुझ्याकडे राहू दे." मग माझा हात धरून म्हणाले, "तू विचारलंस तरी, बाबा. बाकीचे सुपरवायझर तेवढंपण करत नाय."

मी त्यांची बॅग ट्रॉलीवर नीट ठेवली.

फुगा आता माझ्या खोलीत टांगलेला आहे. विमान नाही, त्यामुळे आलेल्यांची नजर खालच्या रहाटाकडेच जाते. "हा टकल्या कोण?" ते विचारतात. मी चहा टाकायला उठतो.