विमानकंपनीची धाकटी लेक

मंडळी, नांदेड विमानतळाबाहेर बसून लिहायलोय. आज हैदराबादला भाचीचं बारसं. आईला घेऊन जिंतूरहून आलो, तर आमच्या स्वस्त विमानकंपनीच्या काउंटरला कुलूप! कंपनीच बंद पडली म्हणे.

शेजारी, जिनं ही कंपनी काढली त्या मोठ्या कंपनीचा काउंटर मात्र जोरात चालू. स्वस्त कंपनीच्या पहिल्या विमानानं आमी गेलो, त्या दिवशी या मोठ्या कंपनीच्याच साहेबांनी पेढे वाटले होते. "ही आमची धाकटी लेक," म्हणाले होते. आईनं तर लेक म्हणून विमानाच्या पायरीला हळदकुंकू लावलं होतं.

आज आमच्या तिकिटाचं विचारलं, तर तेच साहेब म्हणाले, "ती कंपनी वेगळी. आमचा काही संबंध नाही."

तुमीच सांगा, लेकीला असं कोणी झटकतं का? माझा लय संताप झाला. पण मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली,

"साहेब, लेक गेली तुमची. सुतक तरी धरा की!"