स्वयंपाकघरापर्यंत रेल्वे

आमच्या घरात बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला रेल्वे होती. न्हाणीघरात मात्र अंगणातून चालतच जावं लागे.

ही रेल्वे मला कुत्र्यामुळे मिळाली. लढाई संपली त्याच्या पुढल्या वर्षी नगरच्या कॅम्पातले साहेब लोक एकेक करून विलायतेला निघाले होते. त्यातल्या एकाला जाण्याआधी आपल्या कुत्र्याचं चित्र हवं होतं. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. चार रविवार त्या कुत्र्यापुढे बसलो. कुत्रं एकदाही बसलं नाही! तरी चित्र झालं, आणि ते कुत्र्याचंच आहे हे साहेबाने स्वतःहून ओळखलं. त्या आनंदात त्याने माळ्यावरची एक लाकडी पेटी मला देऊन टाकली. पेटीत चावीचं इंजिन, चार डबे, ढीगभर पत्र्याचे रूळ आणि रूळ बदलायचे सांधे. इंजिनाला पुढे जायची, मागे जायची आणि थांबायची अशा कळा होत्या.

"शाळेच्या उपयोगाचं आहे," मी बायकोला सांगितलं.

"मग शाळेत न्या," शांता म्हणाली.

"आधी घरी तपासून बघतो."

तपासणी पुढे चार महिने चालली.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा म्हणजे शांताचे वडील. दौंड-मनमाड लाइनीवरच्या एका लहानशा स्टेशनात त्यांनी तीस वर्षं सांधेवाल्याचं काम केलं होतं. गाडी आली की खटका ओढायचा, रूळ बदलायचे, गाडी गेली की पुन्हा जागेवर. नोकरी संपली, पाठोपाठ सासूबाई गेल्या, आणि शांता त्यांना आमच्याकडे घेऊन आली. पण लेकीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांच्या अंगावर काटा. आपली पत्र्याची ट्रंक त्यांनी उघडलीच नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी, आतल्या बाजूला ती ठेवली आणि तिच्यावरच बसून राहिले. दर आठवड्याला एकदा म्हणायचे, "शांते, आता मी जामखेडला जातो. तिथं भावकी हाय."

त्या भावकीने त्यांना सहा महिन्यांत पोस्टकार्डसुद्धा टाकलं नव्हतं. शांता पाठ फिरवून डोळे पुसायची आणि म्हणायची, "नाताळ होऊ द्या, मग बघू."

माझ्याशी आप्पा थेट बोलत नसत. जावई पडलो, त्यातून मास्तर! जे काही सांगायचं ते शांतामार्फत. आणि मी? तीस वर्षं रुळांवर काढलेला माणूस घरात ट्रंकेवर बसलेला असताना मी रेल्वेचा नकाशा काढायला बसलो, तो तीन रंगांच्या शाईने, एकट्याने. त्यांना विचारावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. (ड्रॉइंगची इंटरमीजिएट परीक्षा मी पहिल्या वर्गात पास झालो होतो, त्याचा हा परिणाम.)

पहिला नकाशा साधा होता. बाहेरच्या खोलीतून एक लाइन निघायची, उंबऱ्यावर चढून स्वयंपाकघरात उतरायची आणि डब्यांच्या फळीखाली संपायची. उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी पाट तिरपे लावून मी घाट केला होता. तेव्हापासून आम्ही जमिनीवर बसून जेवू लागलो.

गाडी दिमाखात घाट चढली, उतरली, फळीखाली जाऊन थांबली. डबे तिथे सोडून इंजिनाने एकट्याने परत यायचं, असं नकाशात लिहिलं होतं. पण इंजिन भिंतीला नाक लावून उभं, आणि त्याच्या मागे चार डबे. बाहेर पडायची वाट डब्यांनी अडवलेली! मी जरा विचार केला, आणि इंजिन उचलून डब्यांच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं.

ट्रंकेवरून एक कण्हल्यासारखा आवाज आला.

"आप्पा, पोटात दुखतंय का?" शांताने विचारलं.

"शांते," आप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्यास्नी सांग, इंजन उचलायचं नस्तं."

"ते म्हणतायत, इंजिन उचलायचं नसतं," शांताने निरोप दिला. मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो.

"ऐकलं मी. पण मग बाहेर कसं काढायचं?"

खरं म्हणजे मी तो प्रश्न त्यांना विचारलाच नव्हता, हवेला विचारला होता. मी उठलो आणि दुसरा नकाशा काढायला घेतला.

दुसऱ्या नकाशाने मी स्वतःच भारावून गेलो. आकार अगदी डमरूचा. बाहेरच्या खोलीत एक मोठा गोल, स्वयंपाकघरात दुसरा, आणि मध्ये उंबऱ्यावरून जाणारी एक लाइन. गाडी एका गोलात शिरायची, फेरी मारून वळायची आणि आली त्याच लाइनीने परत निघायची. कुठे अडकणं नाही, काही उचलणं नाही! नकाशा भिंतीला लावून मी तो लांबून आणि जवळून पाहिला.

गाडीने तो पाहिला नव्हता. एका फाट्याने गोलात शिरायचं आणि दुसऱ्या फाट्याने बाहेर पडायचं, तर गाडी गोलात असतानाच कोणीतरी सांधा बदलायला हवा. नाही बदलला तर गाडी रुळावरून खाली. आणि सांधे दोन, एक या खोलीत, एक त्या खोलीत. गाडी स्वयंपाकघरात शिरली की मी धावत तिथे. सांधा बदलला की गाडी बाहेर निघाली, मी तिच्या पुढे धावत बाहेरच्या खोलीत. तिथे सांधा बदलला की पुन्हा आत. एका चावीत गाडीच्या तीन फेऱ्या होत. माझ्याही तीन. गाडी दमायची नाही.

शिवाय कागदावर मी शेगडी दाखवायला विसरलो होतो. स्वयंपाकघरातला गोल बरोबर शेगडीभोवती आला होता, आणि त्या गोलाच्या मधोमध शांता.

"मला मीठ घ्यायला उठायचं झालं तर?"

"गाडी गेली की ऊठ."

"आणि भात लागला तर?"

"वेळापत्रक बघून टाकत जा ना!"

यावर ती जे बोलली ते मी इथे देत नाही.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आमच्या हेडमास्तरांना फराळाला बोलावलं. फराळाचं निमित्त, नकाशा दाखवायचा होता. आप्पांचा बेतही ठरला होता. त्याच्या पुढल्या दिवशी सकाळी टांगा येणार, आप्पा जामखेडच्या मोटारीत बसणार. या वेळी शांताचं काही चाललं नव्हतं. लाल डोळ्यांनी ती शेगडीशी बसून करंज्या तळत होती, आणि आप्पा दोरीने करकचून बांधलेल्या ट्रंकेवर काठी घेऊन बसले होते, जणू मोटार उंबऱ्याशीच येणार होती.

हेडमास्तर आले. देह भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त, डोक्याला भेंडाची पांढरी शुभ्र सोला हॅट. त्यांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "वा! हे तर प्रदर्शनात ठेवण्यासारखं आहे. चालवून दाखवा."

मी चावी दिली. गाडी सुटली. मी धावलो. पहिली फेरी झकास झाली.

"मास्तर, तुम्हीसुद्धा गाडीबरोबर धावायचं असतं का?" हेडमास्तरांनी विचारलं.

"सध्या... तसंच... आहे," मी जाता जाता म्हणालो.

दुसऱ्या फेरीला मी बाहेरच्या खोलीत सांध्याशी उकिडवा बसलो होतो. तेवढ्यात हेडमास्तरांना उकडलं. त्यांनी हॅट काढली आणि खुर्चीशेजारी खाली ठेवली. बरोबर रुळांवर! हॅटची कड एका बाजूने डब्यांच्या रिकाम्या पेटीवर टेकली होती, त्यामुळे खाली छान बोगदा झाला. गाडी बोगद्यात शिरली, आणि बोगदा चालू लागला.

"मास्तर! माझी हॅट निघाली!"

हॅट सांध्यावरून गेली, घाटाकडे वळली, डुलत डुलत घाट चढली. हेडमास्तर उठून तिच्यामागे धावले. मी त्यांच्यामागे धावलो, कारण आतला सांधा बदलायचा होता. स्वयंपाकघराचं दार अरुंद. त्या दारात आम्ही दोघे एकाच वेळी पोचलो, आणि अडकलो!

"तुम्ही आधी मागे व्हा!"

"तुम्ही व्हा, सर!"

"मला होता येत नाही!"

समोर हॅट शेगडीभोवतीच्या गोलात शिरली होती. गाडीला शेगडीजवळून जायला जागा होती, हॅटच्या कडेला नव्हती. कड निखाऱ्यांना घासली आणि धूर निघाला. शांता किंचाळली. तिच्या पुढ्यात कढई, कढईत उकळतं तेल. हॅट धुमसत तिला वळसा घालून पुढे चालली होती ती उलट्या लागलेल्या सांध्याकडे. तिथे गाडी उलटली असती, तर पेटती हॅट थेट शांताच्या पदरावर पडली असती. मी दारात हात हलवत होतो. तेवढेच हलवता येत होते.

"आप्पा!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना थेट हाक मारली. "आप्पा, सांधा!"

आप्पा उठले असं मला आठवत नाही. ते सांध्याशी होते एवढंच दिसलं. खटका बसल्याचा आवाज आला. गाडी सरळ पुढे आली. मग, आणि मगच, त्यांनी वाकून हॅट उचलली, शेजारच्या पाण्याच्या घंगाळात बुडवली, आणि इंजिनाची कळ दाबून गाडी थांबवली.

कढईत एक करंजी चर्र करत होती.

आप्पा माझ्याकडे वळले. "मास्तर," ते थेट मला म्हणाले, "सांधा सोडून पळायचं नस्तं. मान्सं मरत्यात."

मी मान खाली घातली. हेडमास्तरही का कोण जाणे, मान खाली घालून उभे राहिले. मग आम्ही श्वास सोडला आणि आपोआप दारातून सुटलो. हेडमास्तरांनी निथळणारी हॅट हातात घेऊन पाहिली. कडेला वीतभर जागा काळी पडली होती. आता माझं काय होतं, असा मी विचार करत होतो.

"आजोबा," ते म्हणाले, "हे तुम्ही इतक्या झटक्यात कसं केलंत?"

"तीस वर्सं केलंय की," आप्पा म्हणाले. आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा हसले.

मग मी पुन्हा एक प्रश्न विचारला, या वेळी हवेला नाही. "आप्पा, माझं चुकलं कुठं?"

"लई ठिकानी," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा आला तेव्हा आप्पा धोतर खोचून खडूचा तुकडा घेऊन जमिनीवर बसले होते. "उद्या ये रं," त्यांनी टांगेवाल्याला सांगितलं. तो उद्या आला. "आज न्हाई जमायचं," आप्पा म्हणाले. तिसऱ्या दिवशी शांताने करंज्यांची पुडी देऊन त्याला कायमचं परत पाठवलं, आणि त्याच दुपारी ट्रंकेची दोरी सोडून गाडीचे डबे एकमेकांना बांधायला घेतली.

आप्पांनी नकाशा काढला नाही. ते गाडी सोडायचे आणि बघायचे. जिथे अडली तिथे खडूची रेघ, मग एक रूळ काढायचा, पुन्हा सोडायची. "कागदाला काय इचारता? गाडीला इचारा," असं ते म्हणत. आठ दिवसांत माझा डमरू गेला. स्वयंपाकघरातला गोल तर पहिल्याच दिवशी गेला. ("माझी लेक काय स्टेशन हाय का, भवती फिरायला?") त्याऐवजी फळीखाली मुख्य लाइनीला लागून एक छोटी जोडलाइन आली, दोन्ही टोकांना सांधा असलेली. इंजिनाने डबे सोडायचे, पुढे जायचं, जोडलाइनीवरून मागे येऊन डब्यांच्या दुसऱ्या टोकाला लागायचं आणि चालू पडायचं. आणि दोन्ही सांधे एका माणसाला ट्रंकेवर बसून हाताला येतील इतके जवळ. चार महिने मी ज्यासाठी शाई घालवली ते एवढंच होतं.

नाताळच्या सुटीनंतर हेडमास्तरांनी मला सातवीच्या वर्गात ही रचना समजावून सांगायला लावली. मी फळ्यावर सुंदर चित्र काढलं, तीन रंगांच्या खडूंनी. मग एका मुलाने उभं राहून विचारलं, "सर, पण इंजिन बाहेर कसं येणार?" मी पाहिलं. एक सांधा काढायचा राहिला होता. मी पंधरा मिनिटं त्या इंजिनाला फळ्यावर पुढेमागे नेलं. शेवटी हेडमास्तरांनी शाळेच्या शिपायाला आमच्या घरी पाठवून आप्पांना बोलावून घेतलं.

आप्पा फेटा बांधून आले. पाऊण तास वर्ग श्वास रोखून ऐकत होता. त्यात मला फक्त दोनदा "मास्तर, जरा बाजूला व्हा, पोरास्नी दिसंना" असं सांगण्यात आलं. तास संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी डस्टर उचललं.

संध्याकाळी शांताने त्यांना विचारलं, "आप्पा, यांची शाळा कशी वाटली?"

आप्पांनी बराच विचार केला. जावयाबद्दल काहीतरी चांगलं बोलावं असं त्यांच्या मनात होतं, हे दिसत होतं.

"मास्तर फळा लई चांगला पुसत्यात," ते म्हणाले.