बोगद्यातला वाघदेव

माझं माहेर मसोलीचं, सासर तलासरीच्या डोंगराकडचं. माहेरी वाघ फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात होता. सासरी तो शेजारी. तिथे बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि माझे सासरे तर ‘आमचा वाघ’ म्हणतात, जणू गोठ्यात बांधलाय.

शेताच्या कडेला शेंदूर फासलेला वाघदेव आहे. वाघबारसेला आम्ही त्याला नारळ-कोंबडी द्यायची आणि वाघाने आमच्या गुरांकडे बघायचं नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा करार. मग मधूनच नवा हायवे गेला. जंगल अलीकडे राहिलं, पाण्याचा ओढा पलीकडे. जनावरांसाठी रस्त्याखाली बोगदा ठेवला आणि बाहेर हरणाच्या चित्राचा फलक लावला. आमच्याकडे हरीण कुणाच्या बापाने पाहिलेलं नाही, पण ते असो.

पहिल्याच उन्हाळ्यात वर रस्त्यावर एक तरस चिरडलं. त्या दिवशी सासरे जेवले नाहीत. “आज ते, उद्या आमचा वाघ,” एवढंच म्हणाले. वाघाला बोगदा दाखवायचा कसा? फलक काही त्याला वाचता येत नाही. शेवटी त्यांनी गावाला सुचवलं, वाघदेवालाच बोगद्यात बसवू, म्हणजे त्याच्यामागे वाघ येईल. मला हसू आलं. गावात मात्र कुणीच हसलं नाही.

देव वाजतगाजत बोगद्यात गेला. देवाला अंधारात कसं ठेवायचं, म्हणून दिवा आला, मग ट्यूबलाइट, मग घंटा. रोज तिन्हीसांजेला आरती सुरू झाली. प्रसादाचं खोबरं खायला भटकी कुत्री मुक्कामालाच आली. वाघ यावा म्हणून इतकी माणसं हात जोडून दाटीवाटीने बसायची की तो आला असता तर त्याला रांगेत उभं राहावं लागलं असतं. मी हे सासूबाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “गप बस, आरती चाललीय.”

एकदा आरती ऐन रंगात असताना वर करकचून ब्रेक लागले. आम्ही धावलो. दोन्ही बाजूंनी गाड्या, आणि मधल्या दुभाजकावर अंग चोरून बसलेला आमचा वाघ. एका ट्रकवाल्याने गाडी आडवी घातली, तेव्हा कुठे तो पलीकडे सुटला. सासरे रस्त्याकडेलाच मटकन बसले. “खाली आपण बसलो, म्हणून तो वर गेला,” ते म्हणाले.

देव पुन्हा हलवायचा म्हटल्यावर गाव खवळलं. बसलेला देव उठवतात का कुणी? सासऱ्यांनी विचारलं, “वाघच मेला तर नारळ कुणासाठी फोडणार?” मग गावानेच देव उचलला. देव जुन्या जागी गेला, ट्यूबलाइट पंचायतीत गेली, कुत्री आमच्या ओटीवर आली.

थंडी पडल्यावर एका सकाळी सासरे मला हळूच बोगद्यात घेऊन गेले. मऊ वाळूत पंजे उमटले होते, सरळ ओढ्याकडे गेलेले. ते वाकून पाया पडले आणि ओक्साबोक्शी रडले. मी फोटोसाठी फोन काढला, तसे म्हणाले, “ठेव तो, पोरी. गावाला कळलं तर हार घेऊन येतील.”

मग त्यांनी करंजाची डहाळी मोडली आणि देवाची पावलं पुसायला लागले. मीही एक डहाळी घेतली. शेवटच्या पंज्यापाशी ते जरा थांबले, पुन्हा एकदा पाया पडले, आणि तोही पुसला.