बावीस वर्षांचं जागरण

इस्पितळाच्या धुलाईघरात मावशींनी बावीस वर्षं रात्रपाळी केली. सकाळी घरी येऊन स्वयंपाक उरकायच्या आणि शेजारणीचा कुकर शिट्ट्या मारेपर्यंत जेमतेम चार तास झोपायच्या. एकदा चादरींच्या घड्या घालताना त्या कोसळल्या. डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब आणि साखर वाढलीय, हृदयही थकलंय. इतक्या वर्षांचं जागरण बाधलंय."

औषधांचा खर्च मागायला त्या व्यवस्थापकाकडे गेल्या, तेव्हा तो म्हणाला, "रात्रीचा भत्ता घेत होतात ना?"

"भत्ता जागायचा घेतला, साहेब. काळीज विकलं नव्हतं."

मग त्यांनी धुलाईघरातल्या अकरा जणींना तपासून घ्यायला लावलं. नऊ जणींना तीच दुखणी निघाली. त्या तपासण्यांचे कागद घेऊन मावशी आठ महिने खेटे घालत राहिल्या. शेवटी इस्पितळानं नमतं घेतलं. उपचारांचा खर्च मिळाला, दरवर्षी तपासणी ठरली आणि सलग दोन आठवड्यांहून जास्त रात्रपाळी कुणालाच लावायची नाही, असा नियम झाला.

मावशींना दिवसपाळी मिळाली. पण रात्री डोळ्याला डोळा लागेना.

"डोळे तरी मीट," नवरा म्हणायचा.

"मिटलेत हो. पण माझी ड्युटी बदलल्याचं झोपेला अजून कळलं नाही."