नोरीनचं अंथरूण कुठल्या काठावर

ब्रिस्बेनच्या उत्तरेला, खाडी समुद्राला मिळते तिथे, ओहोटीला वाळूचा मोठा दांडा उघडा पडतो. नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यावर उत्तर काठ विरुद्ध दक्षिण काठ असा क्रिकेटचा सामना होतो. भरतीचं पाणी स्टंपला लागलं की खेळ खलास, आणि तोवर निकाल लागला नसेल तर करंडक ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच राहतो. तो वर्षानुवर्षं दक्षिणेकडे आहे. उत्तरेला जिंकायची सवयच नाही.

नोरीन पेथरिक उत्तरेची. सत्तरीची, खेकडे पकडून पोट भरणारी, जिभेला धार. तिचा नवरा व्हिक उत्तरेकडून खेळता खेळता म्हातारा झाला आणि एकदाही न जिंकता गेला. त्याच्यासाठी एकदा तरी जिंकायचंच, असं तिने मनाशी धरलं होतं.

फेब्रुवारीच्या पुराने घात केला. खाडीने जुनी वाट सोडली आणि नवी धरली ती नेमकी नोरीनच्या परसामागून. घर जागच्या जागी, पण दक्षिण काठावर!

दक्षिणेचा कप्तान म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ क्लेम. त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"ये नॉर, आता जिंकणं कसं असतं ते तरी बघ."

"खाडी फिरली असेल. मी नाही फिरले."

"नियम म्हणजे नियम. आदल्या रात्री ज्या काठाला झोपशील, त्या काठाची तू."

"मग झोपते की उत्तरेला."

आणि नाताळच्या रात्री झोपली. आपल्या पत्र्याच्या होडीत, उत्तरेच्या तिवरांना दोर बांधून, डासांना शिव्या देत. पण घाईघाईत दोर बांधला तो वाळक्या फांदीला. सकाळी जाग आली तेव्हा होडी ओहोटीबरोबर वाहत येऊन दांड्याच्या मधोमध, सखल जागी रुतली होती, आणि शेजारी क्लेम चहा पीत उभा होता.

"रात्रीचं सोड, अंथरूण आत्ता कुठे आहे ते बघ," तो म्हणाला. "ना उत्तरेला, ना दक्षिणेला. तू पंच."

नोरीन चरफडली, पण पंचगिरी चोख केली. आपल्याच माणसाला पायचीत देताना तिचा जीव तुटला, तरी बोट वर गेलं.

शेवटी उत्तरेला जिंकायला दोन धावा हव्या होत्या, शेवटचा फलंदाज कालवांच्या शिंपल्यांवर पाय कापून बसला होता, आणि पाणी चहूबाजूंनी आत सरकत होतं. क्लेमने हात झटकले. "संपलं म्हणायचं ना?"

"थांब," नोरीन म्हणाली. "माझं अंथरूण आत्ता कुठे आहे ते बघ जरा."

सगळ्यांनी माना वळवल्या. भरतीने होडी उचलली होती, वाऱ्याने ढकलली होती, आणि ती उत्तरेच्या तिवरांत नाक खुपसून उभी होती. आधी हसले ते क्लेमचेच गडी.

पंचाची टोपी जखमी फलंदाजाच्या डोक्यावर ठेवून नोरीनने बॅट घेतली. क्लेमने चेंडू टाकला, बहीण म्हणून हळू नाही. तिने डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू पाण्यात पडला आणि भरतीबरोबर खाडीत वर निघाला, मागे दक्षिणेचे तिघे छपछपत. नोरीन धावली, धापा टाकत परत धावली. मग स्टंपला पाणी लागलं.

ती तिथेच फतकल मारून बसली आणि हसता हसता रडली. व्हिक असता तर, एवढंच तिच्या मनात होतं.

क्लेम पोहत जाऊन होडी घेऊन आला. करंडकही त्याने स्वतःच आणून तिच्या अंथरुणावर ठेवला.

"कुठे सोडू, बाई? उत्तरेला?"

"घरी सोड," नोरीन म्हणाली. "तुझ्या काठावर आहे, त्याला आता काय करणार."