हळदीच्या रंगाचा रॉड

सबंध परभणी जिल्ह्यात मासा न पकडण्याची एवढी जय्यत तयारी करणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघावा हे माझं भाग्य. माझे थोरले साडू. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन ते चुडाव्याला राहायला आले आणि तेव्हापासून त्यांच्या घरात माणसांपेक्षा गळाच्या काठ्या जास्त आहेत. पण काठी म्हटलेलं त्यांना खपत नाही. रॉड म्हणायचं. तोही साधासुधा नव्हे. पिसांची खोटी माशी दोरीला बांधून पाण्यावर अलगद टेकवायची, त्या कामाचा, आणि जुन्या काळातल्या फायबरग्लासचाच. हल्लीचे काळे कार्बनचे रॉड त्यांना बघवत नाहीत. "लय ताठ असतेत. नव्या साहेबासारखे," म्हणतात. जुना फायबरग्लासचा रॉड मुठीपर्यंत सावकाश वाकतो आणि तितकाच सावकाश सरळ होतो, हे ते अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातल्या कुणा वडीलधाऱ्याचं कौतुक चाललंय.

हे रॉड ते कुठून कुठून पैदा करतात. कधी हैदराबादच्या जुन्या बाजारातून, कधी निलगिरीतल्या एखाद्या मळेवाल्याच्या अडगळीतून. नवा आला (म्हणजे जुना आला) की आधी अंगणात नेऊन उन्हासमोर धरायचा. मग बुचाची मूठ हुंगायची, दोरी ओवायच्या कड्यांवरचे रेशमी दोरे मूळचे आहेत की कुणी नंतर गुंडाळलेत ते भिंगातून बघायचं, आणि मगच त्याला घरात प्रवेश. आमच्याकडचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. घरात कूलर एक आणि तो रॉडांच्या खोलीत. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, पदरानं वारा घेत म्हणते, "मला नवरा न्हाई मिळाला, वाचमन मिळालाय."

रोज सकाळी मोकळ्या रानात पितळी परात ठेवून लांबून तिच्यात दोरी टाकायचा त्यांचा रियाज चालतो. शेजारच्या शेतकऱ्यानं एकदा बिचाऱ्यानं काळजीनं विचारलं, "पाखरं हाकायलाव का साहेब? पीक तर कवाच निघालं." एकदा मी त्यांच्याबरोबर गोदावरीवर गेलो होतो. तिथला एक भोई बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "साहेब, याला गळ कुठं हाय?"

"गळ लावला तर मासा लागंल की!" साडू दचकून म्हणाले.

भोयाला इतकी दया आली की त्यानं आपल्या जाळ्यातले दोन मासे आमच्या पिशवीत घातले. साडू मासे खात नाहीत. त्यांना वाससुद्धा सोसत नाही. घरापर्यंत ती पिशवी मी धरली आणि ते नाकाला रुमाल लावून वीस पावलं पुढं चालले.

पण या सगळ्या गोतावळ्यात एक रॉड वेगळा. धरणावर नोकरीला असताना एका हैदराबादी इंजिनियरसाहेबांनी त्यांना हा नाद लावला. बदलीच्या दिवशी साहेबांनी आपला पिवळाधमक रॉड त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मियाँ, इसको खाली मत बैठने देना." साहेब आता नाहीत. तो रॉड बनवणारेही कधीच थांबले. त्याला आमच्यापैकी कुणी हात लावलेला मी पाहिला नव्हता.

त्यांच्या मुलाच्या लग्नानंतरचा पहिला पाडवा होता. आम्ही दोघं नवरा-बायको मुद्दाम गेलो होतो. अक्का पुरणात गुंतलेली, तिनं नव्या सुनेला सांगितलं, "कोपऱ्यातली काठी घे अन् गुढी उभी कर." कोपऱ्यात बांबू होता आणि आदल्या दिवशी तेलपाणी करून ठेवलेला साहेबांचा रॉडही होता. पिवळा, गुळगुळीत, लखलखीत. पोरीला वाटलं, सासरच्यांनी काठीला हळद लावून तयारच ठेवलीय!

साडू अंघोळ करून गच्चीवर आले तेव्हा गुढी उभी होती. उभी कसली, वाकली होती. रेशमी खण, कडुलिंब, गाठी आणि वर तांब्या, एवढ्या भारानं रॉडचं टोक गच्चीच्या आतच पार कठड्याच्या खाली आलं होतं. सुनेचा चेहरा उतरला. "मामा, काय चुकलं का?"

साडूंनी वाकून गुढीला हात जोडले. "न्हाई बाई," ते म्हणाले, "नमस्कार करायलीय गुढी. लय छान झाली."

ती खाली गेल्यावर अक्का कुजबुजली, "अहो, उतरवा की! मोडंल ना ते."

"तिची पहिली गुढी हाय. दिवस मावळायच्या आत उतरवू व्हय?"

मग चैत्राच्या त्या उन्हात हा माणूस एका हातात छत्री घेऊन, दुसरा तळहात तांब्याखाली धरून दिवसभर बसून राहिला. पुरणपोळी अक्कानं भरवली. मी म्हटलं, जरा माझ्याकडं द्या. तर म्हणाले, "तुमचा हात कडक हाय." मला थोडा राग आला आणि फार प्रेम आलं.

सूर्य टेकला तशी गुढी उतरवली. तांब्या निघाला, रॉड थरथरला आणि हळूहळू सरळ झाला. साडूंनी तो मावळत्या उजेडासमोर धरला. कुठं चीर नव्हती. त्यांनी डोळे पुसले आणि तो रॉड सुनेच्या हातात दिला. "घे. हलवून बघ." दोरी ओवून दिली, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला परात ठेवली. तिनं हसत हसत दोरी फेकली, ती पहिल्याच झटक्यात परातीत. त्यानंतर दर पाडव्याला गुढी त्याच रॉडवर आणि ती सांभाळायला सासरा आणि सून आळीपाळीनं, असा त्या घरचा रिवाजच पडला.

आता मुलगा आणि सून पुण्याला असतात. मागल्या वर्षी निघताना साहेबांचा रॉडही साडूंनीच सुनेबरोबर बांधून दिला. "तिचा हात मऊ हाय," म्हणाले. यंदा पाडव्याला मी गेलो, तर बांबूवर गुढी दिमाखात ताठ उभी होती आणि खाली छत्री घेऊन साडू बसलेले.

"अहो, बांबू आहे. आत चला, वाकायचा नाही तो."

"ठाऊक हाय," ते वर बघत म्हणाले. मांडीवर त्यांचा तळहात तसाच उताणा होता. "याला माणूस लागतच न्हाई बघा."

मी चपला काढल्या आणि त्यांच्या छत्रीत जाऊन बसलो.