दोन दोर

"बाई, गॅदरिंगला दोन दोर टांगा," हेडमास्तर म्हणाले. "जमनाने धरलेल्या दोरावर शकू चढणार नाही, अशी तिच्या वडिलांची अट आहे. नाहीतर जमनाला वगळा."

साठ-एकसष्ट साल असेल. मी शहाद्याच्या एका शाळेत पीटी शिकवायचे. दोरीचा मल्लखांब म्हणजे टांगलेला दोर पायाच्या अंगठ्यात पकडून चढायचं आणि वर अधांतरी आसनं करायची. जमना डोंगरातल्या काठी गावाकडची भिल्ल मुलगी, माझी सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी. मीही भिल्लच.

"सर, शकूला तर मीच हात देऊन चढवते!"

"तुम्ही शिकवणाऱ्या बाई आहात. तुमचं चालतं."

माझं डोकं तापलं. पण जमनाचा बाप तिला शाळेतून काढायला टपला होता. "गॅदरिंगला काय करते ते बघतो, मग ठरवतो," म्हणाला होता. तिला वगळलं असतं तर तिची शाळा सुटलीच असती. दोन तर दोन, म्हटलं.

शकूचे वडील शाळेच्या कमिटीवर. ते स्वतः पांढराशुभ्र नवा दोर घेऊन आले.

"भाऊ, नवा दोर काचतो," मी सांगितलं. "पीळ कडक असतो."

"नवा तो नवाच ऱ्हास. आमनी पोर जुना दोरले हात लावाव नही."

जुना दोर माझा. ट्रेनिंगला एकटी भिल्लीण म्हणून मला वेगळा, कोरा दोर मिळाला होता. तो माझ्याच पायांनी मऊ झाला होता. तो जमनाला दिला.

गॅदरिंगला जमना सरसर वर गेली आणि हात सोडून उलटी लटकली. टाळ्या पडल्या. शकू मात्र अर्ध्यावरून घसरत खाली आली.

"बाई, मन्हा पाय सोलाई गया! माले जमनाना दोर द्या ना!"

मी तिच्या वडिलांकडे पाहिलं. ते मांडवाकडे बघत बसले. बायकांतून शकूची आई ओरडली, "दी टाका बाई, पोर रडी ऱ्हायनी!"

जमनाने खाली उतरून दोर शकूच्या हातात दिला. शकू चढली. मग दोघी त्याच दोरावर, एक वर, एक खाली. जमनाचा बाप पागोटं काढून हसत होता. जमनाची शाळा वाचली.

दुसरा दोर पुन्हा कुणी मागितला नाही.

जमना पुढे स्वतः कोच झाली. तिला मी एवढंच सांगितलं, "नवा दोर आणलास की आधी तू चढ. पहिल्या चढणारीचे पाय सोलतातच. मग मुलींना दे."